अननस घालायचा राहिला का रे?

भाचीचं केळवण आमच्याकडे ठरलं आणि गोडाचं काम नेहमीप्रमाणे माझ्या अंगावर आलं. आमच्याकडे वाटणीच तशी आहे. मसालेभात, भरली वांगी, अळूचं फदफदं बायकोकडे, ताटं-वाट्या आणि कोशिंबीर मुलाकडे, शिरा माझ्याकडे. शिऱ्यात माझा हात बसलाय असं सगळे म्हणतात आणि मीही कधी नाही म्हणत नाही. या वेळी मात्र डोक्यात एक खूळ शिरलं. अननसाचा शिरा करायचा, पण इसेन्सच्या बाटलीला हात लावायचा नाही. जे काय व्हायचं ते फळावर. मंडईत जाऊन दोन अननस आणले. प्रत्येक फळ उलटं करून बुडाशी नाक लावून पाहिलं, तेव्हा गाळेवाला म्हणाला, "केरळचा माल आहे साहेब, डोळे मिटून न्या." मी म्हटलं, डोळे मिटूनच घेतोय. घरी येऊन सालं काढली, सुरीच्या टोकाने तिरक्या चरी मारत डोळे काढले, बारीक फोडी केल्या आणि निम्म्या साखरेत घालून मंद आचेवर वीस मिनिटं शिजवल्या. घर असं घमघमलं की वरच्या मजल्यावरच्या काकू जिना चढता चढता दारात थांबल्या आणि "आज काय आहे हो?" म्हणाल्या. मला तेव्हाच शिरा जिंकल्यासारखा वाटला. रवा साजूक तुपात तांबूस भाजला, आधणाचं पाणी ओतलं, अननसाचा पाक घातला, दणदणीत वाफ आणली. वाटीने मुदी पाडल्या, प्रत्येक मुदीवर एक काजू.

पहिलं ताट भाचीला, दुसरं आईला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचे दात गेलेत, कान अर्धे गेलेत, नाक मात्र शाबूत आहे. तिने एक घास घेतला, तोंडात घोळवला, माझ्याकडे पाहून मान डोलावली.

"छान झालाय हो. लुसलुशीत झालाय. पण अननस घालायचा राहिला का रे?"

दीड अननस घातला होता.

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता चमच्याने शिऱ्यातल्या फोडी वेचून तिच्या ताटाच्या कडेला मांडून दाखवायला लागलो, कोर्टात पुरावे मांडावेत तसा. ती म्हणाली, "हो रे बाबा, दिसतायत की. पण लागत नाहीये." मग तिने तो सगळा शिरा संपवला, वर अजून एक मूद मागितली, भाचीची ओटी भरली, आणि तिच्या दृष्टीने विषय संपला. माझा संपला नाही. रात्री भांडी आवरताना उरलेला शिरा मी परत परत हुंगून पाहिला. तूप होतं, रवा होता, साखर होती. अननस कुठेतरी मागच्या बाकावर बसला होता, हजेरी लावण्यापुरता.

मला हे जरा जास्तच लागलं, त्याला कारण आहे. गेली तीस वर्षं मी बँकेत आकडे जुळवतोय, पण मुळात मी रसायनशास्त्राचा पदवीधर. पदवी कधी पोटापाण्याला उपयोगी पडली नाही; ती अशी सणासमारंभाला बाहेर येते, जरीच्या उपरण्यासारखी. अननसाच्या इसेन्समध्ये काय असतं हे मला माहीत होतं. त्यात बऱ्याच गोष्टी असतात, पण त्यातला जुना, मानाचा घटक म्हणजे इथाइल ब्युटिरेट. हा एक एस्टर. एका आम्लाचा आणि एका अल्कोहोलचा संसार मांडून द्यायचा, मधून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि जे उरतं ते एस्टर. बारावीच्या जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी ‘फळासारखा गोड वास’ असं निरीक्षण लिहिलेलं आहे, कित्येकांनी तर वास न घेताच. या इथाइल ब्युटिरेटमधलं अल्कोहोल म्हणजे साधं इथाइल अल्कोहोल, आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीपासून निघतं तेच. त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. गंमत आहे ती आम्लाची.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांना एकदा लहर आली. नेहमीचं ॲसेटिक ॲसिड न देता त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक तपकिरी बाटली काढली आणि म्हणाले, खिडक्या उघडा, पंखे लावा, आणि सांडू नका. ब्युटिरिक ॲसिड. बूच काढलं आणि प्रयोगशाळेत जे पसरलं ते कशासारखं होतं हे सांगायला मला जेवणाच्या गोष्टी लिहिता लिहिता ओकारीचं नाव घ्यावं लागतंय. तेच होतं ते, त्यात हे आम्ल असतंच. परीक्षानळीत ते एक मिलिलिटर घ्यायचं, तेवढंच अल्कोहोल, वर तीव्र गंधकाम्लाचे दोन थेंब, आणि नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करायची. दहा मिनिटांनी ते सगळं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ओतलं. फस्स करून फेस आला. उरलंसुरलं आम्ल सोडा खाऊन टाकतो, त्याचा तो फेस. आणि त्या फेसाच्या वर, नाकाच्या पातळीला, अचानक एक लग्नाचा हॉल उभा राहिला. पिवळाधमक, गोड, लख्ख अननस. आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. जे आता नाक दाबायला लावत होतं तेच दहा मिनिटांत तोंडाला पाणी आणत होतं.

माझ्या शर्टाच्या बाहीवर मात्र त्या बाटलीतले काही थेंब सांडले होते, आणि त्यांच्यावर कुठलाही संस्कार झालेला नव्हता. सिटी बसमध्ये माझ्या शेजारची सीट डेक्कनपासून घरापर्यंत रिकामी राहिली. एका बाईंनी पोराला मांडीवर ओढून घेतलं. घरी दार उघडताच आई म्हणाली, "कुठे गेला होतास? अंगाला खवट लोण्याचा वास येतोय."

तिने मळमळ म्हटलं नाही, ओकारी म्हटलं नाही. खवट लोणी म्हणाली. ज्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, मिशेल शेव्हरलने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं, त्याने ते लोण्यातूनच काढलं होतं, आणि त्याचं नावही लोण्याच्या लॅटिन शब्दावरून, ब्युटिरमवरून पडलं. आईला लॅटिन येत नाही. पण आठवड्याची साय साठवून, विरजून, घुसळून लोणी काढण्यात तिची पन्नास वर्षं गेलेली आहेत, आणि सायीच्या पातेल्याला एक दिवस उशीर झाला की लोण्याला जो वास लागतो तो तिला झोपेतही कळला असता.

या लोणी कढवण्याच्या दिवसाबद्दल मला थोडं लिहिलंच पाहिजे. पितळेचं जाड बुडाचं पातेलं, त्यात पांढरा गोळा, खाली मंद गॅस. आधी लोणी नुसतं वितळतं, मग पाण्याचा चरचर आवाज येतो, मग वर पांढरा फेस, आणि मग एका क्षणाला आवाज थांबतो. आई स्वयंपाकघरात नसली तरी त्या थांबण्याकडे तिचा कान असायचा. विड्याचं पान टाकायचं, ते कुरकुरीत झालं की गॅस बंद. खाली राहिलेली तपकिरी बेरी साखर घालून आम्हा भावंडांत वाटली जायची आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. त्या तुपाच्या मेदाम्लांमध्ये शंभरातले तीन-चार भाग वजनाने हेच ब्युटिरिक आम्ल असतं. पण ते मोकळं नसतं. ग्लिसरीनशी बांधलेलं असतं, म्हणजे तूप हेही एका अर्थी एस्टरच. बांधलेलं आहे तोवर वासाचा त्रास नाही. ओल लागली, दिवस गेले, की ती गाठ सुटते, आम्ल मोकळं होतं, आणि मग डब्याचं झाकण उघडणारा नाक मुरडतो. शिऱ्याच्या कढईत मी दोन्ही घालतो, तूप आणि अननस. दोघांत एकच आम्ल वेगवेगळ्या घरी नांदतंय, हे मला तीस वर्षं माहीत होतं आणि तीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

२००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक अशा दोन आम्लांचं मिश्रण लोकांना हुंगायला दिलं, आणि एकदा सांगितलं की हे पार्मेझान चीज आहे, दुसऱ्यांदा सांगितलं की ही उलटी आहे. बाटलीत तेच. चीज म्हटल्यावर लोकांना ते बरं वाटलं, उलटी म्हटल्यावर किळस आली. नाव सांगायचं बाकी असतं फक्त. बसमधल्या त्या बाईंना कोणी सांगितलं असतं की हा मुलगा आजीकडून साजूक तूप घेऊन येतोय, तर कदाचित पोरगं मांडीवर गेलं नसतं. असो.

तर केळवणाच्या रात्री झोप येईना म्हणून मी जुनी माहिती उकरत बसलो. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात प्रचंड काचेच्या इमारतीत ते प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या परीक्षकांमध्ये ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन नावाचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. (यांच्याच हाताखालच्या पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने पुढे १८५६ मध्ये डांबरातून जांभळा रंग काढला.) प्रदर्शनात त्यांना फळांच्या वासाची तेलं दिसली: नासपतीचं तेल, सफरचंदाचं तेल, अननसाचं तेल. यांत फळाचा थेंबही नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते सगळं आपले गुरू लीबिख यांना पत्राने कळवलं. अननसाचं तेल म्हणजे आमचं हेच, इथाइल ब्युटिरेट. त्या काळी लोण्याचा साबण करून, त्यात अल्कोहोल आणि गंधकाम्ल घालून ते ऊर्ध्वपातनाने काढत. दुसरी एक रीत होती ती त्याहून भारी. साखरेच्या पाण्यात सडकं चीज आणि खडूची भुकटी घालून ते कित्येक आठवडे आंबवत ठेवायचं, त्यातून ब्युटिरिक आम्ल मिळवायचं आणि त्याचा अननस करायचा. ज्या इंग्लंडात एके काळी अननस इतका महाग होता की जेवणावळीत टेबलावर मिरवायला लोक तो भाड्याने आणत आणि न कापता परत करत, त्याच इंग्लंडात आता अननसाच्या चवीची पेयं आणि गोळ्या पोरांच्या हातात आल्या. त्या पोरांपैकी किती जणांनी खरा अननस खाल्ला असेल? त्यांच्यासाठी अननस म्हणजे ती गोळीच.

हे वाचलं आणि मी उठून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आईला विचारलं, "तू अननसाचा वास पहिल्यांदा कधी घेतलास?"

माझ्या प्रश्नांची तिला सवय आहे. तिने बिस्कीट बुडवलं, तुटून पडायच्या आत उचललं, आणि म्हणाली, "धाकट्या मावशीच्या लग्नात. बार्शीला. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं लग्न ते, तू पोटात होतास." मग ती बोलतच राहिली. दुष्काळात कोणाच्या घरी काही धड कार्य झालं नव्हतं, म्हणून आजोबांनी हौसेने सोलापूरहून आचारी आणला होता. बुंदीचे लाडू कुणालाही माहीत होते. हा माणूस म्हणाला, मी तुम्हाला अननसाचा शिरा करून घालतो. बायकांना वाटलं टोपलीतून फळं निघतील. त्याच्या पिशवीतून निघाली ती बोटभर बाटली. आईला तेव्हा दिवस गेलेले, सगळ्या वासांनी मळमळायचं. फोडणी नको, उदबत्ती नको, तूप तर दृष्टीसमोर नको. मागच्या अंगणात चुलाणावर एवढी मोठी कढई, त्यात डब्याने तूप, आणि ही नाकाला पदर लावून लांब बाजेवर बसलेली. आचाऱ्याने बाटलीच्या बुचात ते पिवळं पाणी मोजलं आणि कढईत शिंपडलं.

"तो वास आला ना," आई म्हणाली, "आणि माझी मळमळच गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. तुझी आजी म्हणाली, मुलगा होणार."

तूप आणि तो वास यांचं नातं मी तिला समजावून सांगितलं नाही. तोंडावर आलं होतं, गिळलं.

खरा अननस तिने त्यानंतर चार-पाच वर्षांनी पुण्यात खाल्ला. वडिलांनी कुठूनसा आणला होता, कापायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि खाल्ल्यावर सगळ्यांच्या जिभा चरचरल्या. "वास कमी आणि खाज जास्त," हा तिचा निकाल, तो तिने अजून बदललेला नाही. अननस हे नावसुद्धा आपलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचं, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागलेलं. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की फिरंग्यांच्या बंदरांतून आलेलं हे फळ आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारोंनी धरतं. आग्र्याला पोचलं, बादशहाच्या ताटात गेलं, पण गोव्याहून घाट चढून बार्शीच्या अंगणात यायला त्याला साडेतीनशे-चारशे वर्षं पुरली नाहीत. तिथे आधी पोचली ती बाटली. मग माझ्या आईने कशाला कशाची नक्कल म्हणायचं? तिच्या हिशेबात फळच बाटलीसारखं लागायला हवं होतं, आणि ते कमी पडलं. केळवणाच्या दिवशी मीही कमी पडलो.

मला स्वतःला इसेन्सबद्दल काय वाटतं, हे ठरवणं इतकं सोपं नाही. दुकानातल्या बाटलीवर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं ते वाचताना थोडं अपराधी वाटतं, हे खरं. आपल्या नियमांत वासाच्या तीन जाती आहेत: नैसर्गिक, कृत्रिम आणि मधली, जिला नेचर-आयडेंटिकल म्हणतात, म्हणजे निसर्गात जो रेणू आहे तोच, पण कारखान्यात बनवलेला. इथाइल ब्युटिरेट खऱ्या अननसातही असतं, संत्र्यात असतं, आंब्यात असतं. रेणू तोच, फळातला कोणता आणि बाटलीतला कोणता हे कुठलंही नाक सांगू शकणार नाही. आज त्यासाठी कोणी लोणी किंवा सडकं चीज घेत नाही. आम्ल बहुतेक पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या प्रोपिलीनपासून बनतं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सडक्या चीजपेक्षा बरं की वाईट?" मला उत्तर देता आलं नाही. फरक रेणूत नाही, संगतीत आहे. खऱ्या अननसात याच्याबरोबर इतर एस्टर असतात, गंधक असलेले काही असतात ज्यांच्यामुळे फळाला तो थोडा जंगली, पिकून उतू चाललेला वास येतो, आणि भाजलेल्या साखरेसारखा वास देणारं फ्युरेनिऑल असतं, जे स्ट्रॉबेरीतही सापडतं. भजनाला वीस जण बसलेले असावेत तसं ते फळ. बाटलीत त्यातल्या एक-दोघांनाच पुढे बसवून लाउडस्पीकर दिलेला असतो. आणि लग्नाच्या मांडवात आपल्याला लाउडस्पीकरच ऐकू येतो, हेही तितकंच खरं.

लाउडस्पीकर उगाच म्हणत नाही. इथाइल ब्युटिरेट पाण्यात अब्जात एक भाग असलं तरी माणसाच्या नाकाला कळू शकतं. अब्ज हा शब्द बँकेत रोज ऐकतो, तरी अंदाज येत नाही, म्हणून मी पाण्याच्या भाषेत हिशेब केला. ड्रॉपरच्या एका थेंबात ते साधारण अठरा मिलिग्रॅम भरतं. अब्जात एक या मापाने हा एक थेंब अठरा हजार लिटर पाण्याला पुरतो. म्हणजे मार्च-एप्रिलपासून आमच्या सोसायटीत दहा हजार लिटरचे जे टँकर येतात, तसे जवळजवळ दोन टँकर. एक थेंब टाकायचा आणि अख्ख्या सोसायटीने नळ उघडून म्हणायचं, कुणाकडे शिरा आहे?

आणि माझ्या शिऱ्यात दीड अननस. मग तो वास गेला कुठे?

याचं उत्तर मला मिळालं ते आईकडूनच, आणि ते मिळाल्यावर पदवीचं उपरणं पुन्हा घडी करून ठेवावंसं वाटलं. बार्शीच्या आचाऱ्याची गोष्ट सांगताना ती सहज बोलून गेली: "पण तो ते शिंपडायचा ना, कढई खाली उतरवल्यावर. जाळ काढला की मग. आणि लगेच परात उपडी घालायचा. एक पोरगं झाकण उचलायला गेलं तर त्याच्या हातावर झारा मारला त्याने. म्हणाला, वास उडाला तर काय मी सोलापूरहून परत आणू?"

वीस मिनिटं. मी ते फळ उघड्या पातेल्यात वीस मिनिटं शिजवलं होतं. इथाइल ब्युटिरेट १२१ अंशाला उकळतं, पण असे हलके एस्टर वाफेच्या पाठीवर बसून त्याच्या कितीतरी आधीच निघून जातात. वासाची द्रव्यं वाफेने वेगळी काढतात ती याच मुद्द्यावर. संत्र्याचा रस कारखान्यात आटवतात तेव्हाही हाच घोटाळा होतो. पाणी जातं आणि त्याच्याबरोबर वासही जातो, म्हणून तो पळालेला वास पकडून, वेगळा बाटल्यांत भरून, पुन्हा रसात घालावा लागतो, आणि त्या परत घातलेल्या वासात इथाइल ब्युटिरेट हमखास असतं. हे सगळं मी शिकलेलो होतो, वाचलेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकू दारात थांबल्या तेव्हा मला जो अभिमान वाटला होता, तो खरं तर चोरी होताना वाजलेल्या घंटेचा आवाज होता. अननस जिन्यात गेला होता. काकूंनी तो फुकटात खाल्ला. ताटात उरल्या त्या गोड, रंगीत फोडी.

गेल्या रविवारी परत केला. कुणाचं केळवण नाही, बारसं नाही, काही नाही. बायकोने कारण विचारलं तेव्हा मी "अननस उरलाय" असं खोटं सांगितलं. खरं तर नवा आणला होता. या वेळी निम्म्या फोडी साखरेत जेमतेम वाफवल्या, झाकण घालून, पाच मिनिटं. उरलेल्या अगदी बारीक चिरून, कच्च्याच, एका वाटीत झाकून ठेवल्या. रवा भाजला, पाणी घातलं, साखर, वाफवलेल्या फोडी. दूध मुद्दाम टाळलं. कच्चा अननस दुधात पडला की त्यातलं ब्रोमेलिन दुधाची प्रथिनं तोडतं आणि शिरा कडवट होतो. जीभ चरचरते त्यातही त्याचा हात असतो. शिरा कडा सोडायला लागला तेव्हा गॅस बंद केला, कच्च्या फोडी वरून पसरल्या आणि झाकण हातात घेऊन उभा राहिलो.

इसेन्सची बाटली मसाल्याच्या कप्प्यात मागे होती, तुपाच्या डब्याच्या आड. बुचाच्या आतल्या कडेला पिवळा रंग वाळून चिकटला होता. उघडली. अननस आला नाही. आधी आला एक वाडा, खाली अंथरलेल्या सतरंज्या, केळीच्या पानांवर शिंपडलेलं पाणी, कुणीतरी "भात वाढा, भात" म्हणतंय. मी बार्शीचं ते लग्न पाहिलेलं नाही, म्हणजे तसं पाहिलं नाही. मी आत होतो. ही दुसरीच कुठलीतरी लग्नं असणार, माझ्या लहानपणची. मी थोडा वेळ बाटली तशीच धरून होतो. मग चमच्यात तीन थेंब मोजले, शिऱ्यावर शिंपडले, झाकण घातलं आणि वर वरवंटा ठेवला.

दहा मिनिटं स्वयंपाकघरातून हललो नाही. मुलगा पाणी प्यायला आला, त्याचा हात झाकणाकडे गेला, मी झारा उगारला.

झाकण काढलं तेव्हा आई आतल्या खोलीत होती, देवापुढच्या समईत तेल घालत. ऐकू तिला कमी येतं, त्यामुळे मी काही बोललो नाही. तिचा आवाज तिथूनच आला.

"कुणाचं लग्न आहे रे?"